काळा फर्मा

मास्तरांच्या दुकानात भिंतीवर एका ओळीत दहा-अकरा फर्मे टांगलेले असत. शर्टाची कॉलर, कफ, खिसा यांचा आकार कापडावर आखून घ्यायला फर्मा लागतो. पुठ्ठ्याचा केला तर महिन्याभरात त्याच्या कडांना मिशा फुटतात, म्हणून मास्तर जुने एक्स-रे वापरायचे. भंगारवाल्याकडून कुणाचा गुडघा, कुणाचं मनगट, कुणाची कंबर आणायची, सोड्याच्या गरम पाण्यात घासून धुवायची. चित्र निघून जातं आणि काचेसारखी स्वच्छ, चिवट फिल्म हातात राहते. गावभर लोक ऐटीत फिरायचे आणि त्यांच्या कफांचा आकार कुणाच्या तरी मोडक्या गुडघ्यावरून उतरलेला असायचा. पण हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

सगळे फर्मे पारदर्शक होते. फक्त कॉलरचा तेवढा काळा.

"अहो, हा एक धुवायचा राहिलाय," काकू म्हणायच्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यातली बावीस वर्षं त्या हे म्हणत होत्या.

"राहू दे. काळा लगेच सापडतो. बाकीचे कापडावर ठेवले की शोधत बसावं लागतं."

काकूंना गावात सगळे काकूच म्हणत. काकूंची कॉलर म्हणजे काम संपलं. दोन्ही टोकं जुळ्या बहिणींसारखी, मानेला टोचणार नाही आणि दहा धुण्यांनंतरही माज उतरणार नाही. लांबलांबून माणसं फक्त कॉलर बदलून घ्यायला येत. मास्तर शर्ट कापायचे, काकू कॉलर लावायच्या, आणि दोघांमध्ये कोण मोठा कारागीर हा प्रश्न कुणी विचारलाच तर मास्तरांना एकदम काजं करायची आठवण व्हायची.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात होती. दोन वर्षांची असताना तिने कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून ती बटण. आता सव्वीस वर्षांची झाली, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत हाताखाली चार माणसं आली, तरी बटणच. सहा वर्षं एकटी राहिल्यावर तिने आईबाबांना कायमचं तिकडे बोलवायचा अर्ज घातला. तीन वर्षं तो अर्ज रांगेत उभा होता. आता नंबर लागला होता आणि राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. यात फाइल परत आली तर रांगेत पुन्हा शेवटून उभं राहायचं, हे बटणने चारचारदा बजावलं होतं.

अर्ज तिनेच भरला होता, फोनवर विचारून विचारून.

"आई, हृदयविकार?"

"नाही."

"साखर?"

"नाही गं."

"फिट्स? नाही. टीबी? नाही, अर्थात. मोठं ऑपरेशन?"

"थांब जरा..." काकू म्हणाल्या.

"काय? ऑपरेशन झालंय?"

"नाही नाही. काही नाही. पुढे विचार."

त्या "पुढे विचार"सकट काकू तीन आठवडे झोपत-उठत होत्या.

तपासणीचं केंद्र म्हणजे चकचकीत दवाखाना होता, जिथे आजारी माणूस एकही नव्हता. सगळे धडधाकट, इस्त्रीचे कपडे घालून, मांडीवर फायली घेऊन बसलेले. काकूंना एक झगा देण्यात आला, पाठीमागे नाड्या असलेला. काकूंनी आधी त्याची शिवण उलटून पाहिली.

"टाके बघा केवढाले," त्या मास्तरांच्या कानात म्हणाल्या. "आणि हे आपल्याला तपासणार."

एक्स-रेवाल्याने हनुवटी वर, खांदे पुढे असं उभं केलं. "श्वास घ्या. धरा." मग तो आत गेला. "सोडा," असं तो नंतर म्हणाला खरा, पण काकूंना वाटलं, आपण बावीस वर्षांपूर्वी धरला तो अजून सोडलेला नाही.

अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. तरुण होत्या, बटणपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. पडद्यावर काकूंची छाती पांढऱ्या-काळ्यात उजळलेली.

"काकू, तुम्हाला पूर्वी कधी छातीचा आजार झाला होता का?"

"छे हो!" मास्तर म्हणाले. "तिला साधा खोकला नाही. घरात खोकायचं खातं माझ्याकडे आहे."

"मी त्यांना विचारलं, काका."

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वजनाच्या काट्याकडे पाहत होते, जणू तोच आता उत्तर देईल.

"झाला होता," काकू म्हणाल्या. "टीबी. बावीस वर्षं झाली. नऊ महिने गोळ्या घेतल्या. एक चुकवली नाही."

खोलीत काहीच कोसळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोक पडद्यावर, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या बाजूला टेकवलं. तिथे धुरकट पांढरा एक ओरखडा होता, कापडावर खडू सांडून झटकल्यासारखा.

"हा व्रण. आजार बरा झाला तरी हा राहतो, जखमेची खूण राहते तशी. आजार होऊन गेला म्हणून कुणी तुम्हाला दारातून परत पाठवत नाही, काकू. पण फॉर्मवर 'नाही' लिहिलंय आणि छातीवर 'हो' लिहिलंय. मग तिकडच्या माणसाला वाटतं, यांनी अजून काय काय लपवलंय?"

"मग आता नाहीच म्हणणार का?" मास्तरांचा आवाज बारीक झाला होता.

"ते मी ठरवत नाही. मला दिसतं ते मी लिहिते. हा व्रण जुना आहे की आत्ता काही चाललंय, हे नुसत्या एका फोटोवरून सांगता येत नाही. थुंकी तपासावी लागेल, तीन दिवस, सकाळी उठल्या उठल्या. ती प्रयोगशाळेत आठ आठवडे ठेवतात आणि जंतू उगवतात का बघतात. औषधांचं कार्ड असेल तर आणा. आणि गोळ्या संपतानाचा एक्स-रे मिळाला तर फारच उत्तम. व्रण तेव्हा होता तसाच आज असेल, तर माझ्या लिहिण्याला जोर येईल." मग त्या जरा थांबल्या. "फॉर्म कुणी भरला?"

"मुलीने."

"मग दुरुस्तीचं पत्र तिच्या सहीने लागेल. तिला सांगा, खरं काय ते स्पष्ट लिहायचं."

थुंकी काय, काकूंनी तीन दिवस सोडून तीस दिवस दिली असती. पण हे शेवटचं त्यांना घशाखाली उतरेना.

त्याचं असं होतं. आजार निघाला तेव्हा बटण चार वर्षांची होती. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "कुठे बोलायचं नाही. आपला कपड्याचा धंदा. अंगाला लागणारी वस्तू आहे. उद्या लोक म्हणतील, या घरात शिवलेलं नको." काकूंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पाठवण्यात आलं. आणि पोरीला सांगितलं, "आई मावशीकडे कॉलर शिकायला गेलीये."

नऊ महिन्यांनी काकू परत आल्या तेव्हा बटण त्यांच्या जवळ येईना. महिनाभर ती त्यांना "ती कॉलरवाली" म्हणत होती. शाळेतून मिळालेल्या गणवेशाची कॉलर ती आत दुमडून घालायची. मोठी झाल्यावर गोल गळा, बंद गळा, व्ही गळा, काय वाट्टेल ते, पण कॉलर नाही. हसत हसत म्हणायची, "तुला माझ्यापेक्षा कॉलर प्यारी होती ना." काकूही हसायच्या. हसण्याशिवाय करणार काय?

आणि गंमत पुढेच होती. शिकून आलेल्या काकूंना कॉलर ताठ ठेवणारं बकरम आणि अस्तर यातला फरकसुद्धा ठाऊक नव्हता. पहिलं गिऱ्हाईक कॉलर घेऊन आलं तेव्हा मास्तरांनी त्याला दहा दिवसांची मुदत सांगितली, आणि त्या दहा दिवसांत दुपारी दुकानाची फळी लावून बायकोला कॉलर शिकवली. काकू जीव तोडून शिकल्या. पोरीला सांगितलेली एवढी एक गोष्ट तरी खरी व्हावी म्हणून.

घरी आल्यावर काकूंनी मशीनचा खण बाहेर काढला, तळाशी अंथरलेला कागद उचलला आणि त्याखालून एक पिवळं कार्ड काढलं. रोजच्या गोळीसाठी एक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक फुली.

मास्तर बघतच राहिले. "आईने हे जाळायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. नऊ महिन्यांची मेहनत होती माझी, जाळते होय? पण एक्स-रे तर तुमच्याकडे दिला होता. तो जाळलात ना?"

मास्तर उठले. भिंतीपाशी गेले, खिळ्यावरून काळा फर्मा काढला आणि काकूंच्या हातात दिला.

काकूंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी फर्मा खिडकीच्या उजेडात धरला. काळ्यातून बरगड्या उमटल्या. आणि एका बरगडीआड तोच ओरखडा, खडू झटकल्यासारखा.

"आई बघत होती," मास्तर म्हणाले. "फाडून चुलीत घालायचा तर हात होईना. म्हटलं, शिंप्याच्या दुकानात एक्स-रे कुणाच्या डोळ्यावर येणार? फर्मा कापून टांगून टाकला. धुतला नाही एवढंच."

"भंगारवाल्याचा आहे म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"बावीस वर्षं, अहो, मी स्वतःच्याच छातीवरून कॉलरी कापतेय आणि तुम्ही समोर बसून काजं करताय?"

"चांगल्या येत होत्या की," मास्तर पुटपुटले.

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. पण मग त्यांनी फर्मा फिरवून पाहिला. ना नाव, ना तारीख. असली छाती कुणाचीही असेल.

"नाव कोपऱ्यात होतं," मास्तर म्हणाले. "त्या कोपऱ्याचा मी खिशाच्या झाकणाचा फर्मा केला होता. तो डावऱ्याकडे आहे."

डावरा म्हणजे त्यांचा जुना कारागीर. डाव्या हाताने कात्री चालवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं दुकान काढलं आणि जाताना झाकणाचा फर्मा घेऊन गेला. "चोर," मास्तर म्हणाले होते, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"मी जाऊन आणते," काकू म्हणाल्या.

"नको," मास्तरांनी चपला घातल्या. "लपवलं मी, तर मागणारही मीच. तू नुसती सोबत चल."

डावऱ्याने त्यांना पाहून मशीन थांबवलं. "या मास्तर. नऊ वर्षांनी. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. झाकणाचा फर्मा दे."

"एवढ्या नऊ वर्षांत नवे तीन करून झाले असते की."

"दे म्हटलं ना!"

"आधी शिव्या दिल्या त्या परत घ्या."

"डावऱ्या, ऐक," काकू मध्ये पडल्या. "तो नुसता फर्मा नाही रे. तो माझा..."

"छातीचा एक्स-रे. माहितीये, काकू." त्याने गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली. "नाव आहे की त्यावर. वय बत्तीस. तारीख. रोज झाकणं आखायचो, रोज वाचायचो. आणि तारीख बघितली तर तुम्ही मावशीकडे कॉलर शिकत होता म्हणे."

मास्तरांनी स्टूल ओढलं. "मग कुणाला बोलला नाहीस?"

"बोलून? गिऱ्हाईक तुटलं असतं, मग मला काय तुम्ही हवेवर पोसलं असतं?" असं म्हणत त्याने फळीखालच्या डब्यातून फर्मा काढला. खिशाच्या झाकणासारखा, खाली टोकदार. एका कोपऱ्यावर चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडलेली. "नाव झिजत चाललं होतं, म्हणून लावली. आणि जाताना घेऊन गेलो, कारण तुमचं काय, एखाद्या दिवशी कुणीतरी भोळेपणाने सोड्यात टाकला असता. चोर म्हणालात ते म्हणालात."

मास्तरांनी फर्मा घेतला. बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय. आवाजावरून कळतंय. उद्या येऊन बघतो."

डावरा म्हणाला, "बघा."

माफी मागायची मास्तरांची एवढीच रीत होती, आणि डावऱ्याला ती पुरली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी बटणला व्हिडिओ फोन लावला. तिकडे जेवणाची सुट्टी होती. मागे फळीवर प्लॅस्टरचे जबडे रांगेत मांडलेले, सगळे हसल्यासारखे.

"आई, तपासणी झाली? काय म्हणाले?"

काकूंनी ठरवून ठेवलं होतं, आधी तब्येत, मग हवा, मग हळूच. पण तोंडातून सरळ आलं. "बटण, मी कॉलर शिकायला गेले नव्हते."

"काय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. टीबी, मावशीचं घर, पिवळं कार्ड, आजीने लावलेलं दार. लहान पोरीपासून दूर राहायला डॉक्टरने सांगितलं होतं, तेही. मावशी दर रविवारी बटणला बाजाराच्या चौकात फिरवून आणायची, आणि काकू समोरच्या मावशीच्या गच्चीवरून बघायच्या, तेही.

"दर रविवारी मी फुगा मागायचे," बटण म्हणाली. मग तिने मान फिरवली. प्लॅस्टरचे जबडे तेवढे हसत राहिले.

"रागावलीस?"

"हो. खूप." तिने नाक पुसलं. "बावीस वर्षं मी कॉलरवर रागावले, आई. मला दुसरं रागवायला काहीतरी द्यायचंत ना. मला आजार सांगितला असता तर मी आजारावर रागावले असते."

"चार वर्षांची होतीस गं."

"मग सोळाव्या वर्षी सांगायचं. विसाव्या. मी रोज हातांनी दुसऱ्यांची तोंडं बनवते, कुणाला काय रोग आहे त्याची चिठ्ठी लागलेली असते प्रत्येक साच्यावर. आम्ही काय टाकून देतो का साचे?" मग ती एकदम कामाला लागली. आवाज बदलला. "पत्र मी लिहिते. फॉर्म मी भरला, न विचारता 'अर्थात' म्हणाले, चूक माझी."

"नाही. तू विचारलंस आणि मी 'पुढे विचार' म्हटलं. तसंच लिही. मला लपवायला शिकवलं, मी लपवलं, आता सांगते आहे. वेगळं काही लिहू नकोस."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर मी इथे आहे आणि तू तिथे. पण तू मला कॉलरवाली म्हणणार नाहीस."

"ते मी म्हणणारच," बटण म्हणाली, आणि आता कुठे हसली.

डॉक्टरीणबाईंनी उजेडाच्या काचेवर दोन्ही तुकडे ठेवले. झाकणाचं टोक कॉलरच्या वळणात बरोबर बसलं. एकाच कात्रीने, एकाच हाताने कापलेलं होतं ते. आणि खांद्याचं हाड एका तुकड्यातून निघून दुसऱ्यात, नावाच्या खालून गेलं.

"हे छिद्र कसलं?"

"खिळ्याचं," मास्तर म्हणाले.

"मी चार वर्षं हे काम करतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खिळ्याला टांगलेलं फुप्फुस पहिल्यांदाच पाहतेय." त्यांनी पडद्यावरचा नवा फोटो आणि काचेवरचा जुना यांच्यावरून तीनदा नजर फिरवली, पट्टीने काहीतरी मोजलं. "व्रण होता तसाच आहे. वाढलेला नाही. हे मी लिहीन. कार्डाची आणि मुलीच्या पत्राची प्रत जोडीन. पण थुंकीचे आठ आठवडे चुकणार नाहीत, काकू. त्यात माझंही काही चालत नाही."

"चालेल," काकू म्हणाल्या. "आणि हे तुकडे?"

"फाइल पूर्ण होईपर्यंत इथे राहतील."

मग आठ आठवडे काकूंनी फर्म्याशिवाय कॉलरी कापल्या. पहिल्या दिवशी कापडावर खडू टेकवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मास्तर म्हणाले, पुठ्ठ्याचा करून देऊ का? काकूंनी मान हलवली आणि नुसत्या हाताने रेघ ओढली. हाताला सगळं पाठ होतं. मास्तरांनी ती कापून आधीच्या शर्टाच्या कॉलरवर ठेवून पाहिली. सुताचाही फरक नव्हता. मास्तर काजं करायला बसले.

या दिवसांत गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, जाताय म्हणे?" काकू सांगायच्या, "बघू. जुना टीबी आहे, त्याचा निकाल यायचाय." पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मास्तरांच्या हातून सुई पडली. गिऱ्हाईक म्हणालं, "माझ्या भावजयीलाही झाला होता. शर्ट गुरुवारी मिळेल ना?"

साठाव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला. काकूंच्या हातात कॉलर होती, एक टोक उलटवून झालेलं, दुसरं राहिलेलं. त्यांनी फोन मास्तरांकडे दिला आणि आधी दुसरं टोक उलटवलं, सुईने हळूच बाहेर काढलं, बोटाने दाबलं.

"काहीच उगवलं नाही," मास्तर फोन ठेवून म्हणाले. "फाइल पुढे पाठवताहेत. पुढचं तिकडचे ठरवतील, पण तपासणीची अडचण नाही म्हणाल्या. आणि आपले तुकडे येऊन घेऊन जा म्हणाल्या." मग त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसण्यासारखा मळलेला नसताना पुसत राहिले.

काकूंनी बटणला फोन लावला. ती ओरडली, मग रडली, मग मागे कुणाला तरी तिकडच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि चार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, एक मागू?" ती म्हणाली. "येताना मला एक शर्ट शिवून आण. कॉलरचा."

काकूंनी कानामागचा खडू काढला आणि समोर पडलेला चिंधीचा तुकडा ओढला. बाही, छाती, खांदा, सगळं त्यांना आठवत होतं. अर्ध्या गावाची मान त्यांना पाठ होती. खडू मात्र गळ्याच्या मापाशी अडला. पोरीच्या गळ्याचं माप त्यांना माहीत नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी आयुष्यात कॉलर लावलीच नव्हती.

"बटण, गळा मोजून सांग."

"इथे टेप कुठली? मेणाची पट्टी आहे, दातांची."

"चालेल. गळ्याभोवती घे, आणि आत एक बोट ठेव. घट्ट नको."

पडद्यावर बटणने मान वर केली, पट्टी गुंडाळली, आणि विचारलं, "बोट कुणाचं, आई? माझं बारीक आहे. तुझं जाड."

काकूंनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. सुईने टोचून टोचून त्याचं टोक खरखरीत झालं होतं.

"माझं धर," त्या म्हणाल्या. "आल्यावर मीच घालून बघणार आहे."